चिमट्यातला पत्रा

दूध केंद्राच्या सात मोटारसायकली होत्या. सातही एका वयाच्या आणि एका खोडीच्या. इंजिन बिघडलं, साखळी ताणली, की त्या बोंब मारून सांगायच्या; मागच्या चिमट्याचं मात्र शेवटपर्यंत कळू द्यायच्या नाहीत. मागचं चाक ज्या दोन लोखंडी बाहूंमध्ये धरलेलं असतं, तो चिमटा. तो चौकटीला एका आडव्या पिनेवर टांगलेला असतो आणि पिनेच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढे दोन बुश बसवलेले असतात. खड्ड्यात चाक वरखाली होतं ते ह्या दोन बुशांच्या जिवावर. ते झिजले की गाडी मागून डोलायला लागते, पण इतकी हळूहळू, की चालवणारा रस्त्यालाच शिव्या घालत राहतो.

मिस्त्रीला ते हातानं कळायचं. गाडी मधल्या स्टँडवर लावायची, एका हातानं चौकट आवळायची, दुसऱ्यानं मागचं चाक धरून आडवं हलवायचं. बुश गेला असेल तर तळव्याला टक् असं लागतं. उन्हाळा लागला की तो एकेका गाडीला एकेक दिवस द्यायचा, चिमटा उतरवायचा, भोकाचं माप घ्यायचा आणि आपल्या लेथवर पिवळ्या गनमेटलचे बुश कापायचा. बाजारात तयार बुश मिळायचे, पण बाजारचा बुश सगळ्यांना एकच आणि भोकं मात्र झिजून झिजून प्रत्येक गाडीची वेगळी. ‘ढिल्या चपलेत पळून बघ म्हणजे कळेल,’ असं तो धाकट्याला सांगायचा.

धाकटा म्हणजे त्याचा भाऊ, चांगला वीस वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मिस्त्रीची बायको घरात येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, ताप आला की मांडीवर घेऊन बसली. तिला पुढे मूल झालं नाही. आता धाकटा चौतिशीचा घोडा झाला होता, तरी ती आधी त्याच्या ताटात वाढायची आणि मग नवऱ्याच्या. मिस्त्रीला त्यात कधी वावगं वाटलं नाही. लेथ, शेगडी, रीमर, सगळं त्यानं धाकट्याला हात धरून शिकवलं होतं. धाकट्याचा हात चांगला होता. फक्त घाई फार.

ह्या वर्षी पावसानं आधीच पाठ फिरवली होती. जनावरं निम्मं दूध देत होती आणि जे मिळायचं ते ऊन चढायच्या आत केंद्रावर पोचवायला लागायचं. गाडी बंद ठेवायची सोय नव्हती. नेमकं त्याच वेळी मिस्त्रीच्या डाव्या डोळ्यात ताकाच्या निवळीसारखं काहीतरी साचलं. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू, काढून टाकू. सहा गाड्या झाल्या होत्या, पाच नंबरची तेवढी राहिली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं उजव्या डोळ्यावर भिस्त ठेवून तिचं भोक तीनदा मापलं, बुशांची जोडी कापली, कागदात गुंडाळली आणि धाकट्याच्या हातात दिली.

“भोक मोठं झालंय, म्हणून जाड ठेवलेत. ठोकू नकोस. बोल्टानं ओढून घे, सावकाश.”

“दादा, तू जा निवांत,” धाकटा म्हणाला.

आठ दिवस मिस्त्री डोळ्याला पट्टी बांधून घरात बसला. बायको दिवसातून चार वेळा त्याच्या डोळ्यात थेंब घालायची. नवव्या दिवशी काळा चष्मा लावून तो दुकानात आला, तेव्हा पाच नंबरवाला दूधवाला ग्रीस भरायला आलेला होता. मिस्त्रीनं चाक हलवून पाहिलं. घट्ट. ग्रीसची बंदूक लावून दांडा दाबला, तसं बुशाच्या कडेनं ग्रीस बाहेर आलं. त्यानं ते बोटानं पुसलं आणि म्हणाला, “पोट भरलं हिचं. जा आता.”

पाचव्या दिवशी तो दूधवाला ओढ्याच्या उताराला पडला. गाडी मागून अशी सरकली, जशी कुणी शेपटीला धरून ओढली, असं तो नंतर सांगायचा. चारही कॅन लवंडले. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि तो दुधाच्या चिखलात दोन तास पडून राहिला.

केंद्रावर मॅनेजरनं सगळ्यांना बोलावलं. मिस्त्री काही बोलायच्या आत धाकट्यानं खाली मान घालून सांगितलं, “दादाच्या डोळ्याचं तुम्हाला माहीतच आहे. बुश जरा ढिले कापले गेले होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मोठ्या भावाला कसं बोलणार?”

मिस्त्रीच्या पायाखालची जमीन सरकली. पण त्याला ते खरं वाटलं. डोळ्यात निवळी होती, हे काय खोटं होतं? तो म्हणाला, “चूक माझीच असणार.” तिथून तो सरळ दूधवाल्याच्या घरी गेला आणि त्याच्या बायकोसमोर हात जोडून उभा राहिला. तिनं दार लोटून घेतलं.

पहिल्या तारखेपासून सातही गाड्यांचं काम मॅनेजरनं धाकट्याच्या नावावर केलं. मिस्त्रीनं लेथला हात लावायचं सोडलं. तो पंक्चर काढायचा, साखळ्या रॉकेलमध्ये धुवायचा, झाडलोट करायचा. येणारेजाणारे चेष्टा करायचे, “मिस्त्री, ही किती बोटं?” तो हसून सांगायचा, “तीन.” तीस वर्षांत ज्याच्या मापाकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, त्याच्यासमोर आता टपरीवरचं पोरटोर बोटं नाचवत होतं.

पाच नंबरची गाडी दुकानामागे ताडपत्रीखाली पडून होती. तिचं नाव काढलं की धाकटा म्हणायचा, “मी बघतो, दादा. तू हात लावू नकोस तिला.” बघतो बघतो म्हणता पाच आठवडे गेले. मग एके दिवशी निरोप आला की दूधवाल्याचं हाड जुळलं, तो संध्याकाळी गाडी न्यायला येतोय. धाकटा सकाळीच साखळी आणि टायर आणायला शहरात गेला. जाताना म्हणाला, “आल्यावर चिमटा उतरवतो.”

मिस्त्री एकटाच उरला. ऊन पत्र्यावर चढत होतं. डोळा आता स्वच्छ झाला होता. समोरच्या भिंतीवरची मुंगीही दिसायची. त्याच्या मनात आलं, आपली चूक निदान आपल्या डोळ्यांनी तरी पाहावी. केवढ्यानं चुकलो? केसभर, की नखभर? ते कळल्याशिवाय त्याला झोप लागत नव्हती. त्यानं ताडपत्री ओढली.

मागचं चाक काढलं. शॉकअपचे बोल्ट सोडले. पिनेचा नट जागचा हलेना, तेव्हा पान्यावर पाइप चढवून अंगाचा सगळा भार टाकला. नट करकरत सुटला, पण पीन बसली होती ठाण मांडून. त्यानं ब्लोलँप पेटवला, दोन्ही बाजू तापवल्या, तांब्याचा ठोकळा लावून हातोडा मारला. घाम काळ्या चष्म्याच्या आत उतरला, तेव्हा त्यानं चष्मा काढून ठेवला. पंचविसाव्या का तिसाव्या घावाला पीन सुटली. ती जांभळी पडली होती, सुक्या घर्षणानं भाजलेली. ग्रीसचा टिपूस नव्हता तिच्यावर.

ह्याचं त्याला नवल वाटलं. ग्रीस तर त्यानं स्वतः भरलं होतं, बाहेर आलेलं बोटानं पुसलं होतं.

चिमटा बाकड्यावर घेऊन त्यानं आतून बुश बाहेर काढला. हाताला लागताच कळलं. गनमेटलचं वजन वेगळं असतं. हा हलका होता. बाजारचा. आणि बुशाबरोबर भोकातून काहीतरी वाकडंतिकडं बाहेर आलं, पातळ पत्र्याची पट्टी. मोठ्या भोकात लहान बुश बसावा म्हणून भोवती गुंडाळलेली. ग्रीस जायच्या भोकाला त्या पट्टीनं झाकण घातलं होतं. म्हणजे आत काही पोचतच नव्हतं. बंदुकीतलं ग्रीस पत्र्यामागून फिरून कडेनं बाहेर आलं होतं आणि मिस्त्री म्हणाला होता, पोट भरलं. बसवला तेव्हा पत्र्यानं बुश घट्ट दिसला. ओझ्याखाली पत्रा सरकला, तसा सगळा चिमटा सुटा झाला. दुसऱ्या बाजूलाही तेच.

त्याच्या मनातून पहिल्यांदा आनंदच वर आला, खरं सांगायचं तर. हे बुश त्याचे नव्हते. म्हणजे माप त्याचं नव्हतं.

मग त्यानं दुसरी पट्टी चिंधीनं पुसली. ग्रीसच्या काळ्या थराखालून हिरवा रंग निघाला आणि हिरव्यावर पांढरी फुलं. चार पाकळ्यांची, बारीक. मिस्त्री उभा होता तो खाली स्टुलावर बसला. ही फुलं त्यानं वीस वर्षं रोज पाहिली होती. घरात फडताळावर बायकोचा बटणांचा डबा होता, हिरवा, पांढऱ्या फुलांचा. एक पट्टी बाकड्यावर राहिली. दुसरी त्यानं सदऱ्याच्या खिशात घातली आणि भर उन्हात घरी निघाला.

दुपारच्या थेंबांची वेळ झालीच होती. बायको म्हणाली, “अहो, चष्मा कुठे तुमचा? पडा बघू.” तो पडला. तिनं त्याची पापणी वर केली, थेंब घातला, पदरानं गाल टिपला. तिची बोटं नेहमीसारखीच मऊ होती. तो मिटल्या डोळ्यानं म्हणाला, “तुझ्या बटणांच्या डब्याचं झाकण कुठंय?”

तिचा हात थांबला.

“गंजलं होतं. टाकलं.”

तो उठला, फडताळापाशी गेला, डबा खाली घेतला. झाकणाच्या जागी चिंधी बांधलेली होती. त्यानं चिंधी सोडून डबा चटईवर उपडा केला. बटणं, हुका, सुईदोरा, आणि त्यांच्यात पिवळे दोन बुश. एकाला उभी चीर गेलेली. दुसरा जसा त्यानं कागदात गुंडाळला होता, तसाच्या तसा.

माप घ्यायचं व्हर्निअर त्याच्या खिशात असायचंच. त्यानं धड बुश त्यात धरला, खिडकीशी नेला आणि पाहिलं. भोकाच्या मापाशी रेघेला रेघ लागली होती. त्याचं माप बरोबर होतं. एका डोळ्याच्या भिस्तीवर, तीनदा मोजून, त्यानं ते केसाचाही फरक न पडू देता कापलं होतं.

“ठोकला ना त्यानं?” मिस्त्री म्हणाला.

ती खाली बसून बटणं गोळा करायला लागली. “रडत आला होता हो. म्हणाला, वहिनी, बुश फुटला, गाडी सकाळी द्यायची आहे, दादाला कळलं तर तोंड दाखवता येणार नाही. तुमच्या डोळ्यावर पट्टी होती. तुम्हाला कशाला त्रास द्यायचा, म्हणून मीच झाकण कापून दिलं. दोनच दिवसांचं काम आहे म्हणाला, नंतर नीट करतो.”

“आणि तो दूधवाला पडला तेव्हा?”

“तेव्हा कसं सांगणार?”

“तेव्हाच सांगायचं असतं.”

“त्याचं नाव गेलं असतं, तर त्याला पुढे कोण काम देणार होतं?” तिनं मान वर केली. “तुमचं काय, तुमचं वय झालेलं. डोळ्यांचं निमित्त झालं, लोक दोन दिवस बोलले, संपलं. तुमचं नाव तीस वर्षांचं आहे. थोडं खरचटलं तर चालतं त्याला.”

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. पाच आठवडे ही बाई रोज चार वेळा त्याची पापणी उचलत होती आणि त्याच्या डोळ्यात थेंब घालत होती. रात्री तो छताकडे बघत म्हणायचा, कसा चुकलो गं मी, आणि ती म्हणायची, होतं माणसाच्या हातून, झोपा. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. परक्यानं कापला असता तर त्यानं त्याचा हात तरी धरला असता.

“संध्याकाळी दूधवाला येणार आहे,” तो म्हणाला. “त्याला धाकट्यानं आपल्या तोंडानं सांगावं. मला दुसरं काही नको. आणि तू त्याला आधी सांगू नकोस. त्याच्या मनानं सांगतो का बघू.”

“नाही सांगत,” ती म्हणाली.

दुकानात येऊन त्यानं लेथ चालू केला. पाच आठवड्यांनी. पट्टा फडफडला, मग सुराला लागला. फुटक्या बुशाच्या जागी त्यानं नवा कापला. पिवळा कीस हातावर गरम गरम पडत होता. ग्रीससाठी आतून चर पाडला, भोकाला भोक लावलं. मग लांब बोल्ट आणि वॉशर लावून दोन्ही बुश सावकाश ओढून घेतले, अर्धा फेरा, थांब, अर्धा फेरा. शेवटी भोक तासून नेमकं करायचा रीमर. दोन्ही बुशांमधून एकदम जाणारा हा लांब रीमर त्याच्या उस्तादाचा होता. तो फिरवताना जोर करायचा नसतो, नुसतं वजन द्यायचं असतं. नवी पीन घातली, तेव्हा ती आपल्या वजनानं आत उतरली आणि मध्येच कुठे अडली नाही.

धाकटा आला तो घरी जेवूनच. दाराशी उभा राहून त्यानं उतरलेलं चाक पाहिलं, चिमटा पाहिला, बाकड्यावरचे बाजारी बुश आणि हिरवी पट्टी पाहिली. चिमटा का उतरवला, असं त्यानं विचारलंच नाही. चेहरा धुऊनपुसून तयार करून आणलेला होता. मिस्त्रीला कळायचं ते कळलं. बायकोच्या पोटात तेवढा वेळही राहिलं नव्हतं.

“दादा,” धाकटा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “वहिनी म्हणाली तू समजून घेशील.”

“काय समजून घेऊ?”

“झालं ते झालं. मी काय मुद्दाम केलं? तू तेव्हा मोठेपणा घेतलाच आहेस अंगावर. तो तसाच राहू दे ना. आता उकरून काय मिळणार? केंद्राचं काम घरातच आहे. तुझं काय नि माझं काय.”

“मी मोठेपणा घेतला नव्हता,” मिस्त्री म्हणाला. “मला ते खरं वाटलं होतं.”

धाकट्यानं नजर चुकवली. बाकड्यावरची पट्टी उचलून त्यानं घडी घातली आणि खिशात टाकली.

“चाक धर,” मिस्त्री म्हणाला. “आणि तो आला की त्याला सांग. एवढंच कर माझ्यासाठी.”

“बघू,” धाकटा म्हणाला.

दोघांनी मिळून गाडी जोडली. एकानं बोल्ट धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा, न बोलता, जसं वीस वर्षं करत आले तसंच. मिस्त्री वाट बघत होता. शॉकअप लागले, साखळी चढली. प्रत्येक बोल्टाबरोबर त्याला वाटत होतं, आता बोलेल. त्याला ह्या भावाचं पहिलं सायकलचं पंक्चर आठवत होतं, तोंडाला काळं फासून ‘दादा, मी काढलं’ म्हणत घरभर नाचला होता ते.

उन्हं कलली तेव्हा दूधवाला आला. बारीक झाला होता, डावा खांदा जरा खाली आल्यासारखा. त्याच वेळी मिस्त्रीची बायको पाण्याची कळशी घेऊन दाराशी आली. रोज ती ह्या वेळेला येत नसे.

“मिस्त्री, बरे आहात ना?” दूधवाला जरा मोठ्यानंच म्हणाला, आंधळ्याशी बोलतात तसा. “पायात पाना आहे हं, सांभाळा.” मग गाडीभोवती एक फेरी मारून त्यानं धाकट्याला विचारलं, “कुणी केली ही? राग मानू नका मिस्त्री, पण मला पोरंबाळं आहेत. परत पडलो तर उठायचा नाही.”

मिस्त्री धाकट्याकडे बघत होता. धाकट्यानं क्षणभर वहिनीकडे पाहिलं, मग दूधवाल्याच्या बऱ्या खांद्यावर हात ठेवला.

“बस निर्धास्त,” तो म्हणाला. “ह्या खेपेला मापं मी स्वतः घेतली आहेत.”

दूधवाल्याचा जीव भांड्यात पडला. तो हसला. बायकोनं कळशी खाली ठेवली.

मिस्त्रीनं खिशात हात घातला, दुसरी पट्टी काढली आणि दूधवाल्याच्या तळहातावर ठेवली.

“हे तुझ्या गाडीच्या चिमट्यातून निघालं. माझे बुश तिच्यात बसलेच नव्हते. बाजारचे होते, आणि भोवती हा पत्रा. कुणी घातला ते ह्याला विचार.”

दूधवाल्यानं पट्टी उलटसुलट केली. पांढऱ्या फुलांवरून अंगठा फिरवला. मग धाकट्याकडे पाहिलं. बोलली ती वहिनी. दारातून दोन पावलं पुढे येऊन ती म्हणाली, “झाकण मी दिलं होतं. त्याला काही बोलू नका.”

पाच आठवड्यांत ह्या विषयावर बाहेरच्या माणसासमोर तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. आणि तेही मिस्त्रीसाठी नव्हतं.

आपला खांदा चोळत दूधवाला म्हणाला, “मिस्त्री, मग तुमचं माप?”

“बरोबर होतं.”

“आणि तुम्ही माझ्या घरी येऊन हात जोडलेत.”

“मला वाटलं, माझं चुकलं.”

दूधवाल्यानं पट्टी खिशात घातली. मागचं चाक धरून त्यानं स्वतः हलवून पाहिलं. मग लाथ मारून गाडी चालू केली आणि घराकडे न वळता केंद्राच्या रस्त्याला लागला. धाकटा आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिला.

“चार भिंतींत बोलायचं होतंस ना, दादा,” तो म्हणाला. “बाहेरच्यासमोर उघडं पाडलंस मला.”

“चार भिंतींत बोलायला तुला पाच आठवडे होते.”

धाकटा पाना टाकून निघून गेला. वहिनी त्याच्यामागे चार पावलं गेली, त्याला हाक मारली, मग रस्त्यातच थांबली. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. मिस्त्रीनं रीमर पुसून, तेल लावून फडक्यात गुंडाळला. लेथवरचा कीस झाडला. दुकानाला कुलूप घातलं आणि घरी आला. ती मागून चालत होती.

दिवेलागणीला तिनं नेहमीसारखी थेंबांची बाटली आणली. “पडा,” ती म्हणाली.

“राहू दे. मी घालीन.”

“अहो, तुम्हाला नाही जमायचं ते. स्वतःचं स्वतःला जमत नाही.”

“आण इकडे.”

तिनं बाटली दिली. तो चटईवर उताणा पडला, एका हातानं पापणी वर धरली, दुसऱ्यानं बाटली उलटी केली. पहिला थेंब भुवईवर पडला. दुसरा नाकाच्या कडेनं ओघळून कानात गेला. ती पदर हातात धरून पुढे झाली, तसा त्यानं न बघता हात आडवा केला. ती जागीच बसली. त्यानं पापणी पुन्हा वर केली, बाटली जरा जवळ आणली आणि तिसरा थेंब सोडला.

तो डोळ्यात पडला.